दिगंबरपंतांची मान

बालीगंज, कलकत्ता
६ डिसेंबर १९५३

प्रिय,

पुढे नाव लिहायला अजून हात धजत नाही. लग्नाला अकरा वर्षं झाली, तरी कागदावर तुमचं नाव घ्यायचं म्हणजे कुणीतरी ऐकेल असं वाटतं. ती जागा तुम्हीच भरून घ्या. तुमचं मुंबईचं पत्र मंगळवारी मिळालं. गळ्यातली गाठ निघाली, जखम भरली, हे वाचून देवापुढे साखर ठेवली. पण पुढे तुम्ही लिहिता की बँकेतून रजा वाढवून घेतली आहे, एवढ्यात कलकत्त्याला यायचा विचार नाही आणि तंबोरा दिगंबरपंतांना देऊन टाक. त्याच टपालानं प्रेमलतावन्संचंही पत्र आलं. त्या लिहितात, डॉक्टर बोला बोला म्हणून मागे लागले आहेत, बोललं तरच गळा मोकळा होईल म्हणतात, आणि दादा भाच्याची पाटी मांडीवर घेऊन बसतो. चहा हवा असला तर पाटीवर ‘चहा’. एकदा पाटी हातातून निसटली तेव्हा तोंडून ‘अगं’ एवढंच निघालं, ते इतकं घोगरं आणि फाटकं होतं की तुम्ही दिवसभर भिंतीकडे तोंड करून निजून राहिलात. तंबोरा मी दिलेला नाही. दिगंबरपंत येऊन गेले, खोळीवरून हात फिरवला, चहा न घेताच उठले. तुमच्या पत्रातल्या शेवटच्या दोन ओळींकडे मी मागाहून येते. त्याआधी मला बरंच काही सांगायचं आहे, आणि ते सांगायची मला फार लाज वाटते.

खालच्या मजल्यावरच्या मिसेस रोझारिओ तुम्हाला ठाऊक आहेत. म्हणजे त्यांचा ग्रामोफोन ठाऊक आहे. तुम्ही रियाजाला बसलात आणि खालून तो धिंगाणा सुरू झाला की तंबोरा आडवा ठेवून खिडक्या धडाधड लावायचात. तुमच्या ऑपरेशननंतर चारच दिवसांनी, दुपारी लीना शाळेत गेलेली असताना, तो पुन्हा सुरू झाला. इकडे माझा जीव टांगणीला लागलेला, आणि खाली वाजताहेत पिपाण्या. पदर खोचून मी भांडायलाच खाली गेले. पण त्या बाईंना भांडण कळतच नाही हो. त्यांनी दार उघडलं, माझा हात धरला, त्यांच्या त्या मोडक्या हिंदीत ‘साब कैसा है, बैठो, बैठो’ म्हणत वेताच्या खुर्चीवर बसवलं, आणि मी ‘जरा हळू लावा’ म्हणायच्या आत हातात केकची बशी दिली. केकमध्ये अंडं असतं हे मला खाऊन झाल्यावर आठवलं. नवरा इस्पितळात आणि मी परक्या घरी केक खात फुकटचा तमाशा ऐकते आहे, असं वाटून कान तापले. तरी उठले नाही. हे पहिलं.

दुसरं सांगायचं तर मागे जायला हवं. तुम्ही मला बघायला आलात तेव्हा विचारलंत, ‘गाणं आवडतं का?’ मी तोंड उघडायच्या आत बाबांनी ‘फार!’ म्हणून सांगून टाकलं. गाण्याच्या बाबतीत मी औरंगजेब आहे हे त्यांना काय माहीत नव्हतं? पण स्थळ चांगलं होतं. मग इथे आलो, दर रविवारी आपल्या घरी बैठक सुरू झाली, बँकेतली मंडळी, बालीगंजातली दोनचार जुनी मराठी घरं. मी स्वयंपाकघराच्या दाराशी उभी राहायची. तुम्ही कुठे वर चढता, कुठे खाली येता, मला काही म्हणजे काही कळायचं नाही. मात्र तबल्यावर बसलेले दिगंबरपंत दारातून समोर दिसायचे. सम आली की त्यांची मान डावीकडे पडायची. ती पडली की मी ‘वा!’ म्हणायची. तुम्ही चमकून माझ्याकडे बघायचात, आणि तुमचा चेहरा असा काही फुलायचा की पुढच्या रविवारी मी पुन्हा तिथेच. दाराशी उभी राहून मी तुमचं गाणं ऐकत नव्हते, दिगंबरपंतांची मान बघत होते. तुम्हाला आठवतं, एका दत्तजयंतीला त्यांची मान आखडली होती, पट्टा बांधून आले होते? त्या दिवशी माझी एकही वाहवा आली नाही. मंडळी गेल्यावर तुम्ही विचारत राहिलात की आज यमनात काय बिघडलं. मी डोकं दुखत होतं म्हणून सांगितलं. तुम्ही पुढचे आठ दिवस तोच यमन घोटत होतात आणि मी शेजारी बसून मुकाट्याने वाटाणे सोलत होते.

आता खालच्या खुर्चीवर परत येते. मिसेस रोझारिओंच्या तबकड्या बहुतेक युद्धातल्या. डमडमच्या विमानतळावर उतरलेले अमेरिकन शिपाई परत जाताना इथल्या ओळखीच्या घरांतून टाकून गेले. त्याला जाझ म्हणतात. पहिल्यांदा मला नुसता गलबला वाटला. पण बाई तीच तबकडी पुन्हा लावायच्या आणि एका वेळी एकच वाद्य बोटानं दाखवायच्या, पंगतीत पाहुण्यांची ओळख करून द्यावी तसं. हळूहळू दिसायला लागलं की आधी सगळे मिळून एक साधी चाल वाजवतात, मग एकेकजण ती चाल घरी घेऊन जातो, आपल्या मनासारखी सजवतो आणि नेमका वेळेवर परत येतो. वेळेवर येतो हे मला कळलं, ते तुमच्यामुळे. तुम्ही जेवताना ताटाच्या काठावर बोटांनी सम समजावून सांगायचात आणि मी आमटी वाढायची, ते कुठेतरी आत उरलं होतं. त्या दुपारी एक ट्रम्पेट असंच वर वर गेलं. मला वाटलं आता हा पडतो, हा काही परत येत नाही. आणि तो आला. माझ्या तोंडून मोठ्यानं ‘वा!’ गेलं. समोर कुणाची मान नव्हती. मिसेस रोझारिओ हसल्या, आणि मी पदर तोंडाला लावून रडत बसले. अकरा वर्षांत माझी ती पहिली खरी वाहवा, आणि ती तुम्हाला मिळाली नाही.

त्यानंतर मी जवळजवळ रोज गेले. तुम्हाला दर आठवड्याला लिहीत होते की दुपारी मी पोथी वाचते. नावं आता मला स्तोत्रासारखी पाठ आहेत. ड्यूक एलिंग्टन म्हणजे कुणी विलायतेचा सरदार असेल असं धरून चालले होते, तर तो वाजवणारा निघाला. बिली हॉलिडे पुरुष वाटली, ती बाई. आवाज लहानसा, पण असा की शेजारीण भिंतीपलीकडून आपलं दुखणं सांगते आहे. बेसी स्मिथचा आवाज थेट अंगणात उभा राहतो. आणि मग एका दिवशी ट्रम्पेटवाला लुई आर्मस्ट्राँग स्वतः गायला लागला. अगं बाई, तो आवाज! लीना त्या दिवशी शाळेतून लवकर आली होती. ती आधी घाबरली, मग हसत सुटली. तिनं विचारलं, ह्यांचा घसा बसलाय का? नंतर दोन दिवस ती जिन्यावरून वरखाली करताना घसा खरवडून तसा आवाज काढायची, ‘आई, भात खाबो’ असं तिच्या त्या बंगाली मराठीत, आणि मीही हसून हसून बेजार. मिसेस रोझारिओंपुढे तिला तो आवाज मी स्वतः काढायला लावला.

आणि मंगळवारी वन्संचं पत्र. घोगरं, फाटकं. मी जिन्यातच उभ्याउभ्या वाचलं, वरून लीना तोच आवाज काढत खाली येत होती. मी तिला ओरडले, ती रडली. तिला कारणही सांगता येईना. संध्याकाळी मी एकटीच खाली गेले आणि बाईंना म्हटलं, तीच तबकडी लावा. ह्या वेळी हसू आलं नाही. खरखर होती, वाळू पाखडल्यासारखी. पण त्या खरखरीत एक माणूस अगदी जवळ बसून बोलत होता, काही न लपवता. कुठल्याही बुवांनी त्याला शागीर्द म्हणून दारात उभं केलं नसतं. मी पुन्हा लावायला सांगितली, आणि पुन्हा. जाताना बाईंनी ती तबकडी मला देऊन टाकली. फेब्रुवारीत त्या आपल्या मुलीकडे विलायतेला जाताहेत कायमच्या. तबकडी आता तुमच्या तंबोऱ्याशेजारी ठेवली आहे, रागावू नका.

तर आता तुमच्या त्या शेवटच्या दोन ओळी. ‘तू दाराशी उभी राहून ऐकायचीस ते डोळ्यांपुढून हलत नाही. ज्या कानांनी तो आवाज ऐकला त्यांना हा आवाज ऐकवायची मला लाज वाटते.’ ह्या ओळींसाठीच मी आज लिहायला बसले. कारण माझ्या कानांनी तो आवाज ऐकलाच नाही हो. ज्या बाईसाठी तुम्ही मुके बसला आहात, ती बाई दारात कधी उभीच नव्हती. तुमचा गोड आवाज गेला त्याचं दुःख तुम्हाला आहे, दिगंबरपंतांना आहे, आणि ते खरं आहे. माझं काही हरवलेलं नाही. लाजायचं कुणी असेल तर ते मी, आणि म्हणून हे सगळं लिहिलं. तुम्ही रागावाल, कदाचित फार. रागवा, पण पाटीवर नको. मुंबई मेलनं या. मी आणि लीना हावड्याला येऊ. उतरल्यावर पहिला शब्द काहीही बोला, हमालाला हाक मारलीत तरी चालेल. फक्त मोठ्यानं मारा. दिगंबरपंतांना मी स्टेशनवर येऊ नका म्हणून सांगितलं आहे.

तुमचीच,
सरोज