बाबांच्या होडीची चौतीस भोकं

प्रिय डेलदादास, धाकट्या मार्लिसचा नमस्कार.

तुझा गुडघा कसा आहे? वहिनीच्या लिंबाला यंदा लिंबं धरली का? इकडे सगळे खुशाल आहोत असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिते. बाबा जेवतात, मी जेवते, तळ्यावरचा बर्फ काठाकाठानं सुटायला लागला आहे. खुशाली संपली. खरं सांगायचं तर मी बाबांची होडी वाचवायला निघाले आणि माझ्याच हातून ती मरणाला टेकली.

हिवाळ्यात खुब्याचं हाड मोडल्यापासून बाबा गावातल्या वृद्धाश्रमात आहेत, हे मी फोनवर सांगितलंच होतं. फेब्रुवारीत त्यांनी जाहीर केलं की मे महिन्यात मासेमारी खुली होईल त्या दिवशी ते तळ्यावर जाणार. अठ्ठावन्न वर्षांत एकदाही चुकवलेला नाही तो दिवस, होडी पालथी पडल्यापासून काठावरून गळ टाकून का होईना. डॉक्टर म्हणाले, गरम कपडे घालून दोन तास बसायला हरकत नाही. शेजारच्या ऑर्व्हिलकाकांनी लगेच आपली मोठी होडी देऊ केली. (तिच्यात गालिचा आहे. आपल्या दिवाणखान्यात नाही.) बाबांनी त्यांचे आभार मानले आणि ते गेल्यावर मला म्हणाले, "दुसऱ्याच्या होडीत माणूस पाहुणा असतो. नांगर कुठे टाकायचा ते पाहुण्याला सांगता येत नाही." त्र्याऐंशी वर्षांच्या माणसाला पुढच्या वर्षी बघू असं म्हणायची माझी छाती झाली नाही. म्हणून शेडमागे नऊ वर्षं पालथी पडलेली आपली ॲल्युमिनियमची होडी मी ओढून काढली. मला शाळेची बस चालवता येते, तेव्हा होडी काय, असं मला वाटलं. असं वाटणं हीच माझ्या आयुष्यातल्या बहुतेक दुःखांची सुरुवात असते.

होडीदुरुस्तीच्या पुस्तकात लिहिलं होतं की होडी ट्रेलरवर ठेवून तिच्यात पाणी भरा आणि बाहेरून जिथे थेंब दिसेल तिथे खूण करा. भरलं. अकरा ठिकाणी खुणा झाल्या. मी खूश. एवढ्यात चर्चमधून फोन आला की म्हाताऱ्या इंगा लुंडीनच्या अंत्यविधीच्या जेवणाला हात कमी पडताहेत. (इथे एक वेळ लग्नाला नाही म्हणता येतं, मयताच्या स्वयंपाकघराला नाही, हे तू विसरला नसशील.) संध्याकाळपर्यंत मी सँडविचेस कापत होते, आणि एप्रिलचा पहिला आठवडा होता. सकाळी अंगणात होडीच्या आकाराचा एक अखंड बर्फ उभा, आणि त्याच्या बाहेरून ताणलेली होडी. पाणी गोठलं की फुगतं हे आपल्याला शाळेत शिकवलं होतं. शेहेचाळीस हिवाळे मी या तळ्याकाठी काढले, आणि तरी. किटल्या-किटल्या गरम पाणी ओतून बर्फ काढला, पुन्हा भोकं मोजली. चौतीस.

रिव्हेट, म्हणजे पत्रे जोडायचे ते बोथट खिळे, ठोकायला दोन माणसं लागतात. एकानं बाहेरून हातोडा मारायचा, दुसऱ्यानं आतून लोखंडाचा ठोकळा दाबून धरायचा. मी दोन दिवस एकटीनंच दोन्ही माणसं व्हायचा प्रयत्न केला. शेवटी ऑर्व्हिलकाकांच्या बर्निसकाकू आल्या, ओव्हनमधून भांडी काढायचे जाड हातमोजे घालून होडीत बसल्या, आणि ठोकळा धरून आठवडाभर मला सुनांच्या तक्रारी सांगत राहिल्या. रिव्हेटा बसल्या. सुना तशाच आहेत.

मग मागची फळी, जिच्यावर मोटार लटकते ती. जुनी कुजली होती. पुन्हा कुजू नये म्हणून मी औषध मुरवलेली हिरवट फळी आणली, बोल्ट आवळून बसवली, वर रंग दिला. निम्मं गाव खिशात हात घालून बघून गेलं. ऑर्व्हिलकाकांनी तीन प्रदक्षिणा घातल्या, "वेगळीच दिसते," म्हणाले आणि घरी गेले. मी ती स्तुती समजले. (दादा, मी इथेच जन्मले ना रे? आईनं बटाट्याच्या सॅलडमध्ये बेदाणे घातले होते तेव्हाही सगळे 'वेगळंच लागतं' म्हणाले होते आणि भांडं भरलेलं घरी आलं होतं.) बारा दिवसांनी बर्निसकाकू घरी भाजलेला ॲपल पाय घेऊन आल्या. दोन कप कॉफी झाली, चर्चमधल्या ऑर्गनवाल्या बाईंची दाढ झाली, आणि दाराच्या मुठीवर हात ठेवून त्या म्हणाल्या, "ऑर्व्हिलला झोप येत नाहीये गं."

मी घाबरून विचारलं, छातीत दुखतंय का.

"छे. तुझी फळी. त्यातलं औषध ॲल्युमिनियम खातं म्हणे. त्याच्यानं तोंडावर सांगवेना."

फळीनं अजून खायला सुरुवात केली नव्हती, पण ती उपटताना पहारीनं मी जो कोपरा फाडला, तो त्या औषधालाही दहा वर्षांत जमला नसता. मी तिथेच होडीत बसून रडले. फळीसाठी नाही. आई गेल्यापासून मी जे जे सावरायला जाते त्याला माझा हात लागला की आणखी एक भोक पडतं, असं काहीसं मनात होतं. तासाभरानं ऑर्व्हिलकाका ओकची फळी घेऊन आले, मापात कापलेली, घासलेली. बारा दिवस त्यांच्या गॅरेजमध्ये तयार पडून होती. फाटक्या कोपऱ्यालाही त्यांनीच पत्रा मारला.

परवाच्या रविवारी बाबांना गाडीतून दाखवायला आणलं. चौतीसपैकी एकतीस भोकं बुजली, तळाच्या कण्यातली तीन काही केल्या बुजत नाहीत. मी सगळं कबूल केलं, बर्फासकट. बाबा त्या कण्यावरून बोटं फिरवत होते. म्हणाले, "ही तर पहिल्यापासून गळते. तुझ्या आईला सांगितलं नव्हतं एवढंच. डेल पाणी उपसायचा."

दादा, मी काठावर उभी राहून तुझा किती हेवा करायचे. तू बाबांसमोर कॉफीचा डबा मांडीवर घेऊन बसलेला असायचास. मला वाटायचं, डब्यात गांडुळं आहेत.

वहिनीला नमस्कार.

तुझी,
मार्लिस

ता. क. मोटार मी चालवीन, जाळंही मी धरीन. पण दर वीस मिनिटांनी डबाभर पाणी येतं, आणि मला हात दोनच. ऑर्व्हिलकाकांचं वजन बघता त्यांना घेतलं तर होडी त्यांच्याच बाजूनं तळ्यात जाईल. मेचा दुसरा शनिवार. तुझ्या जुन्या खोलीतला पलंग घातला आहे.

ता. क. २. आईच्या अंत्यविधीच्या दिवशी घर विकण्यावरून तुझं नि बाबांचं जे भांडण झालं ते त्यांना आता आठवत नाही. (हे खोटं आहे. शब्दन् शब्द आठवतो. पण परत जाताना गाडीत त्यांनी मला विचारलं, ॲरिझोनात सहा वर्षं राहून माणूस उपसायचं विसरत असेल का.)

ता. क. ३. यायचं नसेल तर स्पष्ट 'नाही' लिही, मी त्यांना समजावीन. 'बघतो' मात्र लिहू नकोस. बाबा त्याचा अर्थ 'हो' असा घेतात, आणि मग गुरुवारपासूनच टोपी घालून दाराशी बसतील.