शेडभोवती आठ फेऱ्या

प्रिय वन्सं,

वयानं धाकट्या आणि तोऱ्यानं थोरल्या, म्हणून लग्न झाल्यापासून मी तुला वन्सं म्हणत आले आणि दर वेळी तू हाताला लागेल ते मला फेकून मारत आलीस. आज तू लांब आहेस, म्हणून हिंमत करते. तुझा दादा परवा मावशींकडून परत आला. म्हणाला, बरी आहे, डायलिसिसच्या मशीनवर चार तास गपचूप पडून राहिली, फक्त सुई टोचताना नर्सशी भांडली. भांडलीस हे ऐकून मला बरं वाटलं. हे सगळं फोनवर बोलता आलं असतं, पण फोनवर तू मला बोलू देत नाहीस, आणि बोलू दिलंस तर मला रडू येतं नि मुद्द्याचं राहून जातं. म्हणून वहीची मधली पानं फाडून लिहायला बसलेय. सुट्टीचा दिवस आहे, तुझा दादा पंखा खोलून बसलाय, आता तो पंखा काही आठवडाभर फिरत नाही हे तुला सांगायला नको.

आधी कारखान्याच्या बातम्या. आपल्या शेडमध्ये थंड पाण्याचं मशीन आलंय. दोन मोठे पंखे आलेत, बुटांच्या डिंकाचा वास आता निदान दुसऱ्या शेडकडे तरी जातो. आणि संडासाला जायचं कार्ड बंद झालं! चाळीस बायकांच्या लाइनीला एक कार्ड, ते लाइनीची लीडर म्हणून माझ्या गळ्यात, आणि तू सगळ्यांना सांगायचीस, आमच्या वहिनीला बढती मिळाली, ती आता संडासाची मालकीण झाली. तेव्हा मी चिडायचे. आता ते कार्ड घरी खुंटीला आहे, परत घ्यायला कुणी आलं नाही. नवा कोरियन साहेब हळू आवाजाचा आहे. येता-जाता मान लववतो, पण टार्गेट एका जोडानंही कमी केलेलं नाही.

तुला इथं मीच आणलं. तुझ्या दादाच्या मनात नव्हतं, मीच म्हटलं की परदेशी मालक आहेत, शिस्त कडक असली तरी काम पक्कं आहे. पहिल्या दिवशी सकाळी गाणं लावून सगळ्यांना व्यायाम करायला लावला, मग कमरेत वाकून साहेबांना नमस्कार, मग ते एका सुरात ओरडणं: आपण सगळे एक कुटुंब. तू घरी आल्यावर पदर खोचून सगळं करून दाखवलंस, आणि तेव्हाच्या साहेबाला भोंगा हे नावही तूच ठेवलंस, कारण शिफ्टचा भोंगा वाजायच्या आधी तो साहेब सुरू व्हायचा. महिन्याभरात सगळा कारखाना त्याला भोंगा म्हणायला लागला. त्याला वाटायचं आपण त्याला आदरानं काहीतरी म्हणतोय. माझा हात प्रेसवर भाजला तेव्हा त्यानंच मलम आणून दिलं होतं, दोन्ही हातांनी, थोडं वाकून. त्यांच्यात समोरच्याचा मान राखायचा तर वस्तू दोन्ही हातांनी देतात. दुसऱ्या दिवशी त्याच हातांनी त्यानं माझ्या शेजारणीच्या अंगावर बूट फेकला, शिलाई वाकडी गेली म्हणून. मला त्या माणसाचा कधी अंदाज आला नाही. कुटुंब म्हणजे त्याच्या लेखी तेच असावं, औषध देणारा हातही बापाचा आणि मारणाराही.

आता तुझ्या हसण्याचं. तू घाबरलीस की हसतेस. तुझ्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. शाळेत बाईंनी छडी मारली की तू हसायचीस आणि म्हणून आणखी दोन खायचीस. मामंजी गेले तेव्हा दारात माणसं जमलेली, आणि तू कोपऱ्यात ओठ दाबून हसत होतीस. शेजारच्या काकू म्हणाल्या, काय निर्लज्ज पोर आहे. तेव्हा मी या घरात नवी होते, पण मीच उठून तुला आत घेऊन गेले आणि तू माझ्या खांद्याला दात रोवून रडलीस. म्हणजे मला माहीत होतं. दुसऱ्या कुणापेक्षाही जास्त माहीत होतं. हे लक्षात ठेव, मला पुढे लिहायला बळ यावं म्हणून आधी लिहून ठेवतेय.

त्या दिवशी लाइनीचा वेग वाढवला होता. डिंक सुकायच्या आत सोल बसत होते, मग ते सरकणारच. डाव्या पायाचे साठ-सत्तर बूट वाकडे निघाले. भोंगा आला, त्यानं एक बूट उचलून तुझ्या नाकासमोर धरला आणि सुरू झाला. तू हसलीस. त्याचा चेहरा पांढरा पडला तो मी पाहिला. तू उलट ओरडली असतीस तर तो विसरला असता, पण सगळ्या लाइनीसमोर पोरगी आपल्याला हसली, हे त्याच्या हाडात गेलं. त्याला सांगायला हवं होतं, साहेब, ही भ्यायलीय. त्यांचे कामापुरते शब्द मला येतात, खुणा येतात, मी सांगू शकले असते. मी पायाकडे बघत उभी राहिले. मग त्यानं बोटानं दार दाखवलं, शेडभोवती दहा फेऱ्या. दुपारचे दोन वाजून गेलेले, पत्र्याकडे बघवत नव्हतं असं ऊन. माझ्या हातात शिट्टी दिली आणि म्हणाला, तू मोज.

पुढचं तुला माहीत आहे तेवढंच सगळ्यांना माहीत आहे. आठव्या फेरीत तू पाण्याच्या टाकीजवळ पडलीस, मी धावले, अंगावर बादल्या ओतल्या, फाटकावरच्या टेम्पोत घातलं. डॉक्टर म्हणाले, अर्धा तास उशीर झाला असता तर हाती लागली नसती. तीन दिवस तू शुद्धीवर नव्हतीस, आणि शुद्धीवर आलीस तेव्हा तुझी मूत्रपिंडं गेली होती. बायकांनी तेव्हापासून मला डोक्यावर घेतलंय. वहिनी असावी तर अशी, म्हणतात. कामगारांच्या बाजूनं बोलायला पाच जणींची निवड झाली, त्यात सगळ्यात जास्त हात माझ्या नावावर वर झाले. आणि तू खटल्यासाठी वकीलबाईंना लिहून दिलंस, वहिनी नसती तर मी तिथंच मेले असते. ते वाक्य त्यांनी मला वाचून दाखवलं. मी घरी येऊन ओकले. तुझ्या दादाला वाटलं, बाहेरचं खाल्लं म्हणून.

भोंग्याला कामावरून काढलंय, पण खटला संपेपर्यंत त्याला देश सोडता येत नाही. तो रोज चौकीदाराच्या खोलीत येऊन खुर्चीवर बसतो. कुणी बोलावलेलं नाही, काम नाही, तरी वेळेवर येतो, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र घालून. बायका जाता-येता थुंकतात. मागच्या आठवड्यात मी एकटी बाहेर पडत होते तेव्हा तो उठून उभा राहिला आणि मोडक्यातोडक्या शब्दांत म्हणाला, मी तरुण होतो, माझा साहेब मलाही पळवायचा, कोणी मेलं नाही. मला वाटलं शिवी हासडावी. मग तो म्हणाला, तू पाहिलं. मी फोन. तू पाहिलं. आणि तसाच वाकून उभा राहिला. मी भराभर निघून आले, बसथांब्यापर्यंत मागं वळून पाहिलं नाही.

वन्सं, गुरुवारी तू कोर्टात शपथ घेऊन सांगणार आहेस की साहेब शेवटपर्यंत जिन्याच्या काचेमागं उभे राहून बघत होते. कंपनीच्या वकिलानं फोनचा कागद दाखल केलाय, दोन वीसपासून दोन पन्नासपर्यंत साहेब त्यांच्या देशातल्या मुख्य ऑफिसशी बोलत होते म्हणून. आपल्या वकीलबाई म्हणतात, कागद बनावट आहे, मुलगी उभी राहून बोलली की फुटेल. तू खोटं बोलत नाहीस. पळताना तुझ्या डोळ्यांत घाम होता, तुला काच दिसतच नव्हती. दवाखान्यात डोळे उघडल्यावर तू मला विचारलंस, साहेब बघत होता ना गं? आणि मी हो म्हटलं. तुझी सगळी साक्ष माझ्या त्या एका होवर उभी आहे. कागद खरा आहे. तुझी दुसरी फेरी संपता संपता फोन वाजला, साहेब वर ऑफिसात गेले. जिन्याच्या काचेतून मला नीट दिसत होते, पाठमोरे, रिसीव्हर कानाला, आणि फोनलाच वाकून वाकून नमस्कार करत होते. तिकडून त्यांनाच कुणीतरी झापत होतं. आवारात मी होते आणि तू होतीस. तिसऱ्या फेरीला मी सावलीत बस म्हणू शकले असते. दहा झाल्या म्हणून शिट्टी वाजवली असती तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. पण शेडच्या दारातून दुसऱ्या लाइनींच्या लीडर बघत होत्या, आणि मला लीडर होऊन दोनच महिने झाले होते, आणि मला दाखवायचं होतं की ही घरच्या माणसाला सूट देत नाही. पाचव्या फेरीला तू माझ्याजवळून जाताना माझ्याकडे बघून हसलीस. मला, तुझ्या वहिनीला, जिच्या खांद्यावर तुझे दात उमटले होते तिला, त्या क्षणी वाटलं की ही मलाही हसतेय. मी पाच म्हणून ओरडले, आणि आवाज चढवून ओरडले.

काल तुझ्या दादाला सांगितलं. तो उठून पंखा खोलायला बसला. वकीलबाईंना उद्या सांगणार आहे. फेऱ्यांची शिक्षा साहेबानं दिली, ते तो नाकारत नाही आणि मी त्याला सोडवायला जात नाहीये. पण तू नकळत खोटी शपथ घेतलीस आणि त्या कागदानं तुला खोटं पाडलं, तर तुझं मशीन, तुझं औषधपाणी, सगळंच कंपनी झटकून टाकेल. म्हणून गुरुवारी तू फक्त पळालीस तेवढं सांग. बाकीचं मी सांगेन, तुझ्या समोर उभी राहून. त्या वेळी पहिल्यांदा ऐकावं लागू नये म्हणून हे पत्र. पहिल्या दोन फेऱ्या त्याच्या होत्या. पुढच्या सहा माझ्या होत्या.

माफी मागायला मला तोंड नाही, म्हणून मागत नाही,
तुझीच म्हणवून घ्यायला अजून धजावणारी,
वहिनी