फ्रेममधली बाई

प्रिय मुंगे,

फोनवर आपण दोन मिनिटं बोलतो. तब्येत, हवा, जेवलीस का. तेवढ्यात हे मावणार नाही, म्हणून लिहिते आहे. मधेच हसू आलं तर हस, पण शेवटपर्यंत वाच.

मी सोबत शोधते आहे. लग्न नको, सोबत. तुझे बाबा जाऊन नऊ वर्षं झाली. पुढच्या वर्षी प्रयोगशाळेतून निवृत्त होईन. सकाळी मी मोठ्याने वर्तमानपत्र वाचते आणि कुणी चुका काढत नाही. बाबा दर वाक्याला काढायचे, तेव्हा माझा जळफळाट व्हायचा. परवा मी मुद्दाम चार शब्द चुकीचे वाचून पाहिले. घर गप्प. त्या सकाळी ठरवलं, आणि एकदा ठरवलं की मी कशी असते ते तुला वेगळं सांगायला नको.

डेटिंग साइट पैशाला पासरी आहेत. प्रत्येक साइट स्वतःला विश्वासार्ह म्हणते. आमच्या मशीनवरही ‘अचूक’ असं छापलेलं असतं. त्यावर आम्ही विसंबत नाही. रोज सकाळी पेशंटचं रक्त लावण्याआधी कंट्रोल लावतो. म्हणजे एक छोटी बाटली. तिच्यात साखर किती हे आधीच ठाऊक असतं. मशीनने तोच आकडा दिला तर दिवस सुरू. नाही दिला तर मशीन बंद. चौतीस वर्षं मी हे केलं आहे. म्हटलं, इथेही तेच करू. एक खोटी बाई तयार करायची, सहा साइटवर टाकायची आणि कोण पकडतं ते बघायचं. जी पकडेल तिच्यावर आपण खऱ्या नावाने जायचं.

फोटो शोधावा लागला नाही. मागे दुकानातून एक फोटोफ्रेम आणली होती. तिच्यात आधीपासूनच एक बाई होती, पांढरेशुभ्र दात, मागे समुद्र. तिलाच घेतलं. वय एक्केचाळीस, व्यवसाय वैमानिक, उंची पाच फूट दहा. माझ्या शेजारच्या टेबलावरची केमिस्ट्रीवाली तुला आठवत असेल, दोन सुनांना पुरून उरलेली. ती म्हणाली, ‘अगं, तुला माणूस हवाय की रिपोर्ट?’ मी म्हटलं, आधी रिपोर्ट. ‘मग बस रिपोर्ट कुरवाळत,’ म्हणाली.

पहिल्या साइटने बाईला चार मिनिटांत आत घेतलं. तासाभरात एकोणतीस जण तिच्यावर फिदा. त्यातल्या सात जणांचा मजकूर शब्दशः एकच, शुद्धलेखनाच्या चुकांसकट. दुसरीवर एक जण तिसऱ्याच निरोपात म्हणाला, इथे नको, साइटबाहेर बोलू. मी तक्रार केली. उत्तर आलं नाही. साइटचा पत्ता शोधला, तर पत्ताच नाही. तिसरीवरून बाईला काढता येईना. बटण दाबलं की ‘आम्हाला तुमची आठवण येईल’ असं येतं आणि बाई तिथेच. अजून आहे, हसते आहे. पाचवीने ओळखपत्र मागितलं. मी प्रयोगशाळेच्या कँटीनचं कार्ड लावलं, ते चाललं. सहावीने मात्र तिसऱ्या दिवशी कॅमेऱ्यासमोर बोलावलं. ओळखपत्र गालाशी धरा, मान डावीकडे वळवा. फ्रेममधली बाई मान कशी वळवणार? मी गुपचूप कॅमेरा बंद केला. दहा मिनिटांत तिला काढून टाकल्याचं पत्र आलं, खाली पत्ता, फोन नंबर आणि एका माणसाची सही. मला इतका आनंद झाला की चारचौघांत टाळी वाजवली.

इथे काम संपलं होतं. पण चौथीबद्दल मी लिहिलं नाही, हे तुझ्या नजरेतून सुटलं नसेल.

चौथीवर एका माणसाने बाईला लिहिलं. बसची वेळापत्रकं आखण्यात त्याचं आयुष्य गेलं. आता घरी असतो. त्याने लिहिलं होतं, खिडकीतून बस जाताना दिसते, ती किती मिनिटं उशिरा आहे ते मला कळतं, आणि सांगायला कुणी नाही. पुढे विचारलं होतं, तुम्हाला उशीर चालतो का?

मी उत्तर द्यायला नको होतं. कंट्रोलच्या बाटलीला कुणी पत्र लिहीत नाही, आणि लिहिलं तरी बाटली उत्तर देत नाही. पण मी दिलं. अकरा दिवस देत राहिले. चेहरा त्या बाईचा, वय तिचं, विमानं तिची. बाकी सगळं माझं. वर्तमानपत्र, बाबा, तू लहानपणी साखरेचे दाणे मोजून खायचीस ते. तो रोज मला एक बस सांगायचा. आज सहा मिनिटं. आज वेळेवर, आश्चर्य आहे. मी प्रयोगशाळेतल्या जिन्यात उभी राहून वाचायची, मग परत वाचायची. बाराव्या दिवशी त्याने भेटायचं सुचवलं. मी सगळं खरं लिहिलं. त्याने एकच ओळ पाठवली. ‘मग इतके दिवस मी कुणाशी बोलत होतो?’ त्यानंतर त्याने खातं बंद केलं. मी माफी मागितली ती पोचलीच नाही.

मुंगे, हा प्रश्न मी आधी ऐकला होता. तीन वर्षांपूर्वी, आपल्या स्वयंपाकघरात. तो माणूस आठ महिने तुला जहाजावरून लिहीत होता. जहाज नव्हतं, बायको आणि दोन मुलं होती. तू ओट्याशी उभी होतीस आणि तू मला विचारलंस, आई, मग मी एवढे महिने कुणाशी बोलत होते? मी चहा गाळत होते. मी म्हटलं, ‘एवढी शिकलीस, तपासून घेता आलं नाही? डोळे काय गहाण ठेवले होतेस?’ तू कप न उचलता गेलीस. तेव्हापासून आपले दोन मिनिटांचे फोन आहेत.

मला वाटायचं, मी कठोर बोलले पण बरोबर बोलले. आता कळलं की बरोबरही नव्हते. तो बसवाला मूर्ख नव्हता. तो नीट वाचत होता, नीट विचारत होता. खोटी मी होते. फसलेल्याची हजेरी घ्यायची आणि फसवणाऱ्याला एक शब्द बोलायचा नाही, हे मी माझ्याच मुलीच्या बाबतीत केलं. त्या माणसाला मी त्या दिवशी एक शिवीसुद्धा घातली नाही. सगळं तुझ्या पदरात टाकलं. ते चुकलं. त्याला ‘पण’ नाही.

आता पत्राचं कारण. काल मी सहाव्या साइटला फोन केला. तिथली बाई माझा नंबर पाहून म्हणाली, ‘ताई, तुम्हाला आम्ही काढून टाकलंय.’ मी म्हटलं, म्हणूनच तुमच्याकडे यायचंय. ती हसली नाही. मी तिला फ्रेमपासून बसवाल्यापर्यंत सगळं सांगितलं. काढलेल्या माणसाला परत घेताना त्यांचा एक नियम आहे: त्याला जवळून ओळखणाऱ्या कुणाशी तरी ते बोलतात आणि विचारतात, या व्यक्तीवर तुम्ही विश्वास ठेवाल का? केमिस्ट्रीवाली प्रश्न संपायच्या आत हो म्हणाली असती. म्हणून तिचा नंबर दिला नाही. तुझा दिला आहे. तुला न विचारता दिला, हीसुद्धा आगाऊपणाचीच गोष्ट. नको असेल तर फोन उचलू नकोस. बुधवारी अकरा वाजता येईल. उचललास तर माझी बाजू घेऊ नकोस. चहा गाळतानाचं सांगावंसं वाटलं तर तेही सांग. तू नाही म्हणालीस तर ती साइट सुटेल, मी दुसरी शोधेन; मी काही थांबणार नाही. पण तू काय म्हणालीस ते मला त्यांच्याकडून ऐकायचं नाही. गुरुवारी पहिल्या गाडीने मी तुझ्याकडे येते आहे. दार उघडायचं की नाही ते तू ठरव. मी जिन्यात बसेन. चार दिवसांची रजा टाकली आहे.

तुझीच,
आई