नाण्यावरच्या आठ जणी

प्रभादेवी, सोमवार

ती. कालिंदीआत्यास,
इरावतीचा साष्टांग नमस्कार. गुडघा आता जिना चढू देतो का आणि रत्नागिरीत उकाडा किती आहे, ते आधी कळव. आम्ही सगळे बरे आहोत. (बाबांना सर्दी आहे. ती नेहमीचीच, पण न लिहिणं खोटं झालं असतं.) फोन न करता पत्र लिहिते आहे, कारण फोनवर तू माझं वाक्य पुरं व्हायच्या आत शिट्टी मारल्यासारखा निकाल देतेस, आणि या वेळी आधी सगळं ऐकून घ्यायला हवं.

दादरच्या एका सराफांनी देशाच्या क्रीडापरंपरेवर सोन्याची पाच नाणी काढायची ठरवली आहेत. कुस्ती, मल्लखांब, हॉकी, कबड्डी आणि खो-खो. खो-खो आपल्या मंडळाकडे आला, कारण तुमचा चौऱ्याऐंशी सालचा महिला संघ अजून याच भागात राहतो (तू सोडून) आणि बोलावलं की येतो. मी मंडळाची चिटणीस, म्हणून नमुना पाहून 'खेळ बरोबर दाखवला आहे' असं पुढच्या गुरुवारपर्यंत लिहून द्यायचं काम माझ्याकडे. मग नाणी पाडणार आणि पुढच्या महिन्यात समारंभ.

चित्रासाठी फोटो मैदानावर काढला. कुणालाच आता उकिडवं बसता येत नाही, तेव्हा खाली चौरंग दिले. ते नाण्यावरून पुसले आहेत. (हे खोटं धरावं का, यावर मी दोन दिवस विचार केला.) शाळेत घालायच्या आधीच तू मला घरात पाट मांडून शिकवलं होतंस, एकीचं तोंड इकडे तर शेजारणीचं तिकडे. तशाच बसवल्या होत्या. तेवढ्यात डिलाईल रोडच्या शेवंतीताई उठल्या. "नाण्यार माझी पाठ इली तर गावाक काय अंबाडो दाखवू?" फोटोवाल्याने त्यांना वळवलं. मग दर्शनामावशी म्हणाल्या, "फायनलचा शेवटचा गडी मी बाद केला, आणि मीच पाठमोरी होय?" मी कोकम सरबत आणायला गेले आणि परत येते तर आठही जणी एकाच दिशेला तोंड करून, हळदीकुंकवाला बसल्यासारख्या. मला वाटलं हा आठवणीचा फोटो असेल, खरा नंतर काढतील. नंतर सगळ्यांनी सरबत घेतलं आणि त्या घरी गेल्या.

आता नमुना माझ्यासमोर आहे. चेहरे मोहरीएवढे, पण प्रत्येकीने भिंगातून आपापली मोहरी ओळखली. शेवंतीताईंनी चाळीचे तिन्ही मजले समारंभाला बोलावले आहेत. आणि शंभर वर्षांनी एखादी मुलगी हे नाणं बघून समजेल की आपल्याकडे खो-खो असाच खेळत. सोनं गंजत नाही ही यातली मुख्य अडचण आहे.

सराफांकडच्या पुष्करला सांगितलं, तर तो म्हणाला, "मॅडम, कॉम्प्युटरवर पाच मिनिटांचं काम. कोणत्या चौघींना उलटं करू, तेवढं सांगा." मला सांगता येईना. घरी येऊन आठ चिठ्ठ्या टाकल्या. पहिलीच शेवंतीताईंची निघाली. ती परत टाकून हलवली. (म्हणजे चिठ्ठ्यांचाही उपयोग संपला.) खेळ चुकवावा की चार म्हाताऱ्यांची तोंडं पुसावीत, हे मला ठरवता येत नाही. तू पंधरा वर्षं पंच होतीस. जे म्हणशील तेच करीन.

काकांना नमस्कार.

तुझी,
इरावती

ता. क. – खरं सांगायचं तर नुसतं मत पुरणार नाही. फॉर्मवर 'खेळाचे जाणकार' अशी ओळ आहे, आणि मी शाळेत कायम राखीव खेळाडू. फॉर्म सोबत आहे, सहीच्या जागी पेन्सिलीने फुली केली आहे. 'आहे' किंवा 'नाही' यांतलं एक खोडून सही कर आणि उलट स्पीड पोस्टाने पाठव.

ता. क. २ – हे सही केल्यावरच वाच. आठ बसल्या तरी धावायला नववी लागते, आणि तू आली नव्हतीस. बाबांनी तुझा चौऱ्याऐंशीचा फोटो शोधून दिला, आणि नाण्यावर धावणारी म्हणून तोच घातला आहे. तू सगळ्यांच्या पुढे आहेस, त्यामुळे नाकातली चमकीसुद्धा कळते. पुष्कर म्हणतो, खो बसलेलीच्या पाठीमागून देतात, तेव्हा खेळ बरोबर करायचा तर धावणारीलाही वळवावं लागेल, म्हणजे तूही पाठमोरी. निकालावर परिणाम नको म्हणून आधी लिहिलं नाही. तरीही आधीच वाचलं असशील तर तसं कळव, दुसरा कोरा फॉर्म पाठवते.