हाडाची परांची

१० फेब्रुवारी
पीएचडीचं सातवं वर्ष, शेवटची मुदतवाढ. १२ मार्चला विद्यापीठाच्या समितीपुढे नमुना दाखवायचा, नाहीतर नोंदणी रद्द. काळजी मुळीच नाही. अंड्याच्या टरफलांची भुकटी अधिक जिलेटिन, कॉम्पोझिट तयार. हा जाळीदार तुकडा मोडक्या हाडात बसवायचा, त्याच्या आधारानं नवं हाड वाढतं. अख्ख्या मोताळ्यात हे कळणारा मी एकटा.

१४ फेब्रुवारी
अश्विनी म्हणते, सर, क्रॉसलिंकिंग राह्यलं. म्हणजे जिलेटिनचे धागे एकमेकांना बांधून पक्के करायचे म्हणे. एमएस्सी होऊन माझ्या हाताखाली आली आणि मलाच शिकवते! बाटल्या धुवायला लावलं.

२० फेब्रुवारी
अश्विनीनं बाटल्या धुतल्या. वर स्वतःचा वेगळा तुकडा केला, क्रॉसलिंक करून. हौस.

२७ फेब्रुवारी
मराठी भाषा दिन. प्राचार्य हिंमतरावांचा हट्ट, व्याख्यान शुद्ध मराठीत हवं. माझ्या तुकड्याला इंग्रजीत स्कॅफोल्ड म्हणतात, त्याला मी बांधकामातला 'परांची' शब्द योजला. त्यांनी फलकावर लिहिलं, परांचीविषयी मार्गदर्शन, सर्वांना आमंत्रण. सभागृहात नऊ गवंडी! नव्या इमारतीचं काम निघालं असं वाटलं त्यांना. प्राध्यापक एकही नाही. शेषराव मिस्त्रीनं तुकडा दाबून पाहिला. म्हणे, माल चांगला हाये सर, पन पान्यात टाकून पाह्यला काय? मी ठणकावलं, हाड अंगात असतं, पावसात नाही. अडाणी लेकाचे.

५ मार्च
पाण्यात टाकून बघणार होतो. मग म्हटलं, एका मिस्त्रीच्या सांगण्यावरून? तत्त्वाचा प्रश्न आहे.

१२ मार्च, दुपारी ३
अमरावती. समितीतल्या बाईंनी तुकडा कोमट मिठाच्या पाण्यात टाकला. मी चौथ्या स्लाइडवर होतो. दहाव्या स्लाइडला पाणी दुधाळ. पंधराव्याला तुकडा नाही. बाई म्हणाल्या, अंगातही एवढंच कोमट असतं. मला विचाराल तर विद्यापीठाची भांडी कोण घासतं, हे एकदा तपासायला हवं.

१३ मार्च
नोंदणी रद्द. निव्वळ मत्सर.

२४ मार्च
अश्विनीचा तुकडा बारा दिवस तशाच पाण्यात आहे. कोपरासुद्धा झिजला नाही. विद्यापीठ तिला पीएचडीला घेतंय, विषय हाच. आमच्या संशोधन केंद्रात पीएचडीची जागा असल्याचं विभागप्रमुखाचं पत्र लागतं. विभागप्रमुख मीच. कागद पुढे करून म्हणाली, सर, तुमी सही करता काय? फार वाईट वाटलं. स्वच्छ अक्षरात लिहून दिलं, आमच्याकडे एक जागा नुकतीच रिकामी झाली आहे.