दर्भाचा कावळा

मूळ मजकुरापूर्वी एक तक्रार नोंदवून ठेवतो. ती ताकाविषयी आहे. मी दारू सोडल्याची बातमी फुटल्यापासून मुकुटबनात ज्याच्या ओट्यावर टेकावे तो माझ्यापुढे ताकाचा गडवा आणून ठेवतो. बाकीच्यांना चहा आणि मला ताक. वास्तविक चहाने माझे कधी काही बिघडवलेले नाही. त्याच्यावर मी राग धरलेला नाही, मग गावाने का धरावा? जिवंतपणी हा अन्याय मी सोसतो आहे. माझ्या तेराव्याच्या पंगतीत मात्र ताक वाढू नये. या कलमाला नंबर दिलेला नाही, तरी ते बंधनकारक समजावे.

आता रीतीप्रमाणे. मी, विठ्ठल सखाराम गोहोकार, वय एक्कावन्न, राहणार मुकुटबन, पेशा शाळामास्तरकी आणि उरलेल्या वेळात शेती, आपल्या मर्जीने, कोणाच्या धाकाने किंवा भिडेने नव्हे, हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. पांढरकवड्याच्या अर्जनवीसाने मसुदा करून दिला, त्याच्या पहिल्याच ओळीत 'नशापाणी न करता' असे शब्द होते. तेथे येऊन तो थांबला, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले आणि हळूच म्हणाला, "गुरुजी, हे राहू द्यायचं का काढायचं?" मी म्हणालो, "राहू दे बाबा. हीच ओळ लिहिता यावी म्हणून इतका थांबलो." तेव्हा ती ओळ येथे ठेवतो: नशापाणी न करता. पुढचा मसुदा मला पसंत पडला नाही, म्हणून तो बाजूला ठेवून माझ्या पद्धतीने लिहितो.

कलम १. राहते कवेलूचे घर, परसातली विहीर, दुभती गाय आणि पोस्टात असेल ती शिल्लक माझी पत्नी कोकिळाबाई हिला. आम्हांला मूल नाही, त्यामुळे यात वाद निघण्याचे कारण नाही. तरी माझा धाकटा भाऊ मारोतराव वाद काढण्यासाठी कारणाची वाट पाहत बसत नाही, म्हणून स्पष्ट लिहितो: घर तिचे, संपूर्ण, मागच्या दारासकट.

हे दान नव्हे. दारू सोडली त्या पहिल्या आठवड्यात माझे हात असे थरथरत की पेल्यातले पाणी तोंडापर्यंत पोचत नसे. कोकिळेने मला चमच्याने आंबील पाजली आणि शाळेत निरोप धाडला की गुरुजींना हिवताप भरला आहे. गाव भले. पोरांच्या बापांनी कोयनेलच्या गोळ्या आणून दिल्या. लबाडी उघडी पडू नये म्हणून मी त्या मुकाट्याने घेतल्या. कान गुणगुणत होते, भिंतीवर मुंग्यांची रांग दिसत होती आणि मी त्या मुंग्यांना विभक्ती शिकवत होतो. मुंग्या नव्हत्याच, असे कोकिळा म्हणते. चतुर्थीपर्यंत त्यांची प्रगती चांगली होती.

त्या आठवड्यात एकदा मी तिला म्हणालो, "मी मरतो बहुतेक." ती म्हणाली, "मरा. पर आता शुद्धीवर मरा." तिच्या त्या आज्ञेवरच हे घर उभे आहे, म्हणून ते तिचे.

कलम २. नाल्याकडचे वावर कोकिळेच्या हयातीत तिने कसावे किंवा बटईने द्यावे, आणि तिच्यामागे ते मारोतरावाच्या मुलांकडे जावे. पराटी, म्हणजे कपाशी, आणि तूर आलटून पालटून पेरावी. मारोतराव सांगेल की दरवर्षी पराटीच पेरा. तो सांगेल त्याच्या उलट करावे, असा माझा अनुभव आहे.

वावराच्या बांधावरचे, म्हणजे धुऱ्यावरचे, मोहाचे झाड या कलमात धरलेले नाही. त्याचे पुढे लिहितो.

कलम ३. माझी तिफण बरीच वर्षे मारोतरावाकडे आहे. ती त्यालाच दिली असे समजावे, म्हणजे परत मागण्याची माझी आणि न देण्याची त्याची, अशी दोघांचीही दगदग संपेल. तिच्या बरोबर नेलेला चाड्याचा दोर मात्र परत करावा. दोर मी दिलेला नव्हता.

कलम ४. संस्कृत पोथ्या आणि बोरू-दौत शाळेला. वणीच्या पाठशाळेत कुणब्याच्या पोराला ओसरीवर बसवून का होईना, पण शास्त्रीबुवांनी शिकवले, त्याची ही फेड. शास्त्रीबुवांनी शब्द पाठ करून घेतले तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवे होते, की सुरा, मदिरा, वारुणी, मैरेय, कादंबरी अशी दारूला नावेच नावे आहेत आणि यकृताला जेमतेम दोन. जुन्या लोकांनी ज्याची काळजी घ्यायची त्याच्याकडे लक्षच दिले नाही. मीही परंपरा मोडली नाही.

कलम ५. प्रकृतीविषयी. गेल्या वर्षी डोळे पिवळे झाले तेव्हा यवतमाळच्या डॉक्टरांनी मला आडवे करून उजव्या बरगडीखाली हात घातला. यकृत आपली जागा सोडून खाली उतरले आहे आणि कडक झाले आहे, असे ते म्हणाले. मी विचारले, "दारू सोडली तर वर जाईल का?" ते म्हणाले, "सोडली तर उरलंय ते टिकेल. गेलंय त्याची हमी देत नाही." मी त्या दिवसापासून सोडली. डोळे निवळले. पण अलीकडे संध्याकाळी पायावर बोट दाबले तर खळगा तसाच राहतो, आणि धोतर पोटावर पहिल्या ठिकाणी बसत नाही. उशीर झाला की नाही, ते डॉक्टरांना ठाऊक नाही आणि मलाही नाही. म्हणून हे कागद.

मी गेलो तर गाव म्हणेल, "एकदम सोडली, म्हून गेला." हे खोटे आहे. सोडली म्हणून एवढा राहिलो. हे वाक्य मोठ्याने वाचावे.

कलम ६. आता मूळ गोष्ट. ती समजायला आमच्या वडिलांच्या दहाव्याची हकीगत सांगितली पाहिजे.

वडील तंबाखूचे फार शौकी. आई एका मोठ्या दुखण्यातून उठली तेव्हा त्यांनी तिच्या देखत चंची विहिरीत टाकली आणि पुन्हा तंबाखूला शिवले नाहीत. आई ही गोष्ट आल्यागेल्या प्रत्येक पाहुण्याला सांगे. पाणी मागितले तरी सांगे, कारण पाणी त्याच विहिरीचे.

वडील गेले. दहाव्या दिवशी नाल्यावर पिंड ठेवला आणि कावळा काही शिवेना. समोर बाभळीवर बसून राहिला. मेलेल्याची इच्छा मागे राहिली असली की कावळा शिवत नाही, हे सगळ्यांना ठाऊक. मारोतराव हात जोडून एकेक कबूल करू लागला. "बाबा, बुढीले सांभाळू. बाबा, बैल नाई विकत. बाबा, दादासंग भांडत नाई." कावळा हलला नाही. शेवटच्या वाक्याला तर त्याने मान फिरवली. मग मारोतरावाने कमरेची डबी काढली आणि चुना लावून तंबाखूची चिमूट पिंडाजवळ ठेवली. कावळा झपकन उतरला.

"सुटला आत्मा," म्हणत लोक आनंदाने घरी आले आणि आईला सांगितले. आई चुलीपुढे बसली होती. ती एवढेच म्हणाली, "म्हंजे मनात होतंच."

त्यानंतर विहिरीची ती गोष्ट तिने पुन्हा कोणाला सांगितली नाही. पाहुण्यांना नुसते पाणी दिले.

कलम ७. तांड्यावरचा भावसिंग राठोड हा माझा स्नेही. त्याच्या वाडवडिलांनी बैलांच्या पाठीवर मीठ वाहिले. तो गावातल्या बातम्या वाहतो आणि एकही वाटेत सांडत नाही. धुऱ्यावरच्या मोहाखाली आम्ही दोघांनी मिळून माझे यकृत बिघडवले. त्याचे शाबूत आहे, याला मी काय करू? मी सोडली तेव्हा त्याने एकदाही आग्रह केला नाही. उलट माझ्याकडे येतो तेव्हा आधी वारा कुठला ते पाहतो आणि त्याच्या तोंडाचा वास माझ्याकडे येणार नाही अशा बाजूला बसतो. पुष्कळ पंडित पाहिले, एवढा विवेक कोणात दिसला नाही.

परंतु संक्रांतीच्या सुमारास तो ओट्यावर बसला असता माझ्या सुजलेल्या पायांकडे पाहून म्हणाला, "मास्तर, जित्तेपणी तुमाले थेंब नाई पाजत. पर दहाव्याले पहिल्या धारेची आणीन. तुमचा कावळा उपाशी नाई जाऊ देत."

मी म्हणालो, "कायले रे? माझा कावळा ताक पिईल."

"ताकाले कोनता कावळा येते, मास्तर?"

मारोतराव तेथेच होता. तो म्हणाला, "हो ना दादा, बाबाच्या टायमाले तंबाखूनंच काम झालं. तुह्या टायमाले बाटलीनं होईन."

दोघेही प्रेमानेच बोलत होते. माझ्या भावाच्या बाबतीत हे लिहिताना मला थोडा प्रयास पडला, पण खरे आहे. आत कोकिळा तूर पाखडत होती. सूप थांबले. मग पुन्हा सुरू झाले. रात्रीच्या भाजीत मीठ दोनदा पडले होते.

दुसऱ्याच दिवशी मी अर्जनवीसाकडे गेलो.

कलम ८. सबब माझ्या दहाव्याला पिंडाजवळ दारू ठेवू नये. बाटलीत नको, पेल्यात नको, द्रोणात नको, आणि 'मोहाची फुलंच तं हायेत' म्हणून फुलेही नकोत. कावळ्याशी घासाघीस करू नये. माझ्या वतीने त्याला काही कबूल करू नये. विशेषतः मारोतरावाने.

कावळा आपण होऊन आला तर त्याचे स्वागत आहे. नाही आला तर शास्त्राने दर्भाच्या कावळ्याची सोय केलेली आहे. दर्भाचा कावळा करून पिंडाला टेकवला की काम पुरे होते. भटजींनी कुरकुर केल्यास त्यांना सांगावे की गुरुजींनी आधार काढून ठेवला आहे, आणि तो बघायचा असेल तर पोथी शाळेत आहे. ते बघायला जाणार नाहीत.

हा कावळा मी स्वतः करून माझ्या पत्र्याच्या पेटीत, कोसल्याच्या रेशमी फेट्याखाली ठेवला आहे. एक पाय आखूड आहे आणि शेपटी शास्त्रापेक्षा लांब आहे. पण मानेशी दर्भाची बारीक गाठ आहे, ती नीट पाहावी. दारू चालू असताना मला सदऱ्याची गुंडीही लागत नसे. ती गाठ या हातांनी बसवली आहे. कोणी विचारले की गुरुजींनी खरेच सोडली होती कशावरून, तर ती गाठ दाखवावी. माझ्याजवळ दुसरा पुरावा नाही.

हा कावळा भावसिंगने पिंडाला लावावा. तो आमच्या जातीचा नाही, ही हरकत मी आधीच फेटाळतो. जन्मभर एका गडव्याने प्यालो तेव्हा ती कोणाला सुचली नाही. कावळा त्याने दोन्ही हातांनी धरावा. एका हाताने धरला तर दुसऱ्यात काय असेल ते मला ठाऊक आहे.

हे त्याने केल्यास धुऱ्यावरचे मोहाचे झाड त्याला आणि त्याची घरवाली रुपीबाई हिला. त्या झाडावरून मारोतराव आणि मी इतकी वर्षे भांडलो. मी दारू सोडल्यापासून तो झाडाचे नावही काढत नाही, यावरून भांडण झाडाचे नव्हते हे उघड आहे. फुलांचे काय करायचे ते रुपीबाईने ठरवावे. मी सोडली म्हणून झाडाने फुलणे सोडावे, असे माझे म्हणणे नाही. मात्र भावसिंगच्या बरगडीखाली कधी दुखू लागले तर त्याने यवतमाळच्या डॉक्टरांकडे माझे नाव सांगून जावे.

कलम ९. हे पत्र राख सावडून आल्यावर, म्हणजे दहाव्याच्या पुष्कळ आधी, शाळेतल्या विमलताईंनी सर्वांसमोर वाचावे. त्यांचा आवाज खणखणीत आहे आणि मारोतराव मध्ये बोलू लागला तर त्या थांबणार नाहीत. पुढचे कलम त्यांनी वाचू नये. कागद कोकिळेच्या हाती द्यावा. तिला मीच अक्षरे शिकवली आहेत. तिला दिसावे म्हणून येथून पुढे अक्षर मोठे काढतो.

कलम १०. कोकिळे, फाल्गुनापासून मी शाळेतून पाटाच्या लांबच्या वाटेने घरी येतो. पाय मोकळे करायला जातो, असे मी तुला सांगितले. तसे नाही. मोह फुलतो तेव्हा धुऱ्यावरून मला येववत नाही. त्या वासाने तोंडाला पाणी सुटते, अजूनही, आणि उभे राहिलो तर पाऊल भावसिंगच्या घराकडे वळेल असे वाटते. दारू सुटली, तिची इच्छा सुटलेली नाही. ती सुटेल असे मला आता वाटत नाही.

मरणाची भीती वाटते, नाही असे नाही. पण त्याहून मोठी काळजी ही की दहाव्याला बाटली ठेवली तर कावळा येईल. लगेच येईल. आणि लोक आनंदाने घरी येऊन तुला सांगतील.

तर ते तू त्यांच्याकडून ऐकू नयेस. मनात होते. रोज होते. प्यालो नाही.

हे पत्र मी वाचून पाहिले, बरोबर आहे, आणि साक्षीदारांच्या समक्ष सही केली.

विठ्ठल सखाराम गोहोकार

साक्षीदार. गुरुजींनी आमच्यादेखत सही केली व आम्ही त्यांच्यादेखत केली. सही करताना त्यांचा हात स्थिर होता:

१. विमलताई केशव देशकर, सहशिक्षिका, मुकुटबन
२. शंकरसिंग प्रेमसिंग राठोड, तांड्याचे नाईक

(ज्याला काही मिळायचे आहे त्याने साक्ष करू नये, असे अर्जनवीस म्हणाला, म्हणून भावसिंगची सही घेतलेली नाही. तो बाहेर ओट्यावर बसून "मले बी सही येते, मंग काहून नाई?" असे विचारत आहे. वारा पाहूनच बसला आहे.)

मुक्काम मुकुटबन, जिल्हा यवतमाळ
दिनांक २० एप्रिल १९६३