तारा लावलेली फुंकर

मी, खाली सही करणारी, वय अठ्ठ्याहत्तर, जुन्या भाषांची निवृत्त अध्यापिका, डोकं ठिकाणावर असताना आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहीत आहे. आधीचं मृत्युपत्र रद्द समजावं. ते रागात लिहिलं होतं.

१. राहतं घर दादाच्या मुलीला. मोरीतला नळ जोरात पिळू नये.

२. चौदा खणांचं कार्डांचं कपाट ग्रंथालयाला. दादाने त्यात खिळे ठेवायचा बेत सोडावा. त्यातलं 'तांबडा' या अर्थाचं कार्ड माझ्या जन्माची कमाई आहे. मंगोल घराण्यातल्या भाषांत या शब्दाच्या लेकी विखुरल्या आहेत: खालखात उलान, दागुरमध्ये हुलान, मोंगुओरमध्ये फुलान. त्यांच्यावरून आईचं रूप ताडलं जातं, हुलान, आणि त्याआधी तारा, म्हणजे चांदणीची खूण (*), काढतात. ताऱ्याचा अर्थ, हे रूप कानांनी ऐकलेलं माणूस आता हयात नाही. त्याहीपूर्वी ह च्या जागी प असावा.

३. माझे सहकारी, ज्यांना सगळा विभाग हरकतराव म्हणतो. तरुणपणी मी ठासून लिहिलं की आईचं रूप उलानच. तो ह लांबच्या लेकींनी शेजाऱ्यांकडून उचलला. हरकतराव म्हणाले, "अहो बाई, इतक्या दूर दूर राहणाऱ्या लेकी एकच गोष्ट कशा उचलतील? ती माहेरचीच. घरात राहिलेलीच विसरली." वर सातशे वर्षांपूर्वीच्या लिखाणातला ह माझ्या पुढ्यात ठेवला. मी तीन वर्षं त्यांच्याशी अबोला धरला. ते साक्षीदार असल्याने त्यांना यातून काही देता येत नाही. म्हणून नुसती कबुली: तुमचं बरोबर होतं.

४. ताईला माझी शाल आणि माफी. आई गेली तेव्हा मी नऊ महिन्यांची होते. ताईला आत्याने नेलं, दादाला काकांनी. मी वडिलांपाशी राहिले. ताई लेकरांना निजवताना कपाळावर हलकी फुंकर घालते. "आई अशीच घालायची गं," ती म्हणाली होती. मी पांडित्य पाजळलं, "हे तू आत्याकडून उचललंस." ती रडली, आणि मी चहा पीत बसले. त्याची मला फार लाज वाटते.

गेल्या महिन्यात दादाला नातीला निजवताना पाहिलं. तीच फुंकर! काकांकडे कोणी तसं करत नसे, मी खोदून विचारलं.

५. म्हणून एक नवं कार्ड ताईला: "आई. कपाळावर फुंकर घालत असे." नियमाप्रमाणे आधी तारा लावला आहे. आता मी सुखात आहे.

स्थळ: राहत्या घरी, खिडकीपाशी. दिनांक: तीन मार्च.

सही: लिहून ठेवणारी

साक्षीदार: शेजारची शिंपीण

साक्षीदार: हरकतराव. हरकत एकच. तारा पुसावा. ती फुंकर ज्यांच्या कपाळावर पडली, ते तिघंही हयात आहेत.